ज्येष्ठांसाठी ग्रुप टूर: शरीराला झेपेल की नाही, हे पैसे भरायच्या आधी कसं ठरवावं?

अजनीकर (धागाकर्ता)

उन्हाळी टूर्सची माहितीपत्रकं फिरायला लागली आहेत. प्रत्येकावर कुठेतरी 'ज्येष्ठांसाठी उत्तम' नाहीतर 'सोपी टूर' असं छापलेलं असतं. या शब्दांना मोजमाप नाही. कंपनीच्या लेखी बस हॉटेलच्या दारापर्यंत जाते म्हणजे टूर सोपी. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या माणसाला बसची पहिली पायरीसुद्धा उंच पडते. नागपुरातून निघणाऱ्या टूर्स डोळ्यांपुढे ठेवून नीट पद्धत इथे एकत्र करू या. जाणकारांनी भर घालावी.

माझा मुद्दा एकच आहे: टूरची सरासरी काढू नका. बारापैकी नऊ दिवस आरामाचे आहेत, याला अर्थ नाही. सगळ्यात जड दिवस कोणता? त्याच्या दुसऱ्या सकाळी किती वाजता उठायचं आहे? आणि त्या जड दिवसातून स्वतःला बाजूला काढता येतं का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निर्णय जवळजवळ झालाच.

त्यासाठी कार्यक्रमपत्रिका समोर घेऊन वहीत रकाने आखा: उठायची वेळ, बसमधले तास, पायी अंतर, पायऱ्या किंवा चढ, मुक्कामाची उंची, आणि त्या रात्री हॉटेल बदलतं का. पत्रकात बसचं अंतर किलोमीटरमध्ये असतं, ते तासांत बदला. समृद्धी महामार्गाच्या हिशेबाने २०० किलोमीटर म्हणजे अडीच तास वाटतात, पण उत्तराखंडच्या घाटात थांबे धरून ताशी २५ किलोमीटर पकडा, म्हणजे आठ तास. चढ मजल्यांत बदला. घराचा एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे १८ ते २० पायऱ्या. '३०० मीटर चढ' वाचून काही बोध होत नाही. 'न थांबता शंभर मजले' म्हटलं की घरातली चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

पायी रकाना भरताना पत्रकातले काही शब्द नीट वाचा. 'फोटो स्टॉप' म्हणजे बसमधून उतरायचं, दहा मिनिटांत परत चढायचं. दिवसात असे सहा असले तर बसच्या पायऱ्या बारा वेळा होतात. 'वॉकिंग टूर' म्हणजे दोन-तीन तास, आणि मध्ये बसायची सोय नाही असं धरूनच चाला. 'पार्किंगपासून जवळ' या शब्दांना तर फोन करून आकडा विचारल्याशिवाय सोडूच नका.

शतपावली

टूर मोजून झाली की माणूसही मोजायला हवा. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट ज्या चाचण्या घेतात, त्यांतल्या तीन घरी होतात. शेजारी कोणीतरी उभं असलंच पाहिजे.

खुर्चीची चाचणी. हात नसलेली, सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमले, तर मांड्यांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे. ७० ते ७४ साठी हेच आकडे १२ आणि १०, ७५ ते ७९ साठी ११ आणि १०. एकदाही हाताचा आधार घ्यावा लागला तर चाचणीचे गुण शून्य धरतात. बसमधून उतरणं, भारतीय शौचालय, देवळाचा उंच उंबरठा, सगळं याच ताकदीवर चालतं.

चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठून ३ मीटर नेहमीच्या वेगाने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात.

तोलाची चाचणी. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून एका रेषेत उभं राहा. १० सेकंद टिकलं नाही तर ओले घाट, बोटीत चढणं आणि युरोपातले दगडी रस्ते धोक्याचे.

या तिन्ही जमल्या म्हणून केदारनाथ जमेल असं मात्र नाही. या फक्त नापास कोण हे सांगतात. पास कोण हे सांगणारी चाचणी वेगळी आहे: टूरच्या जड दिवसाच्या निम्मं काम सलग दोन दिवस करून बघा. पहिल्या दिवशी उत्साहात सगळेच करतात. दुसऱ्या सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, गुडघ्यावर सूज आहे का, यात खरं उत्तर असतं.

आणि उतार विसरू नका. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात. गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार येतो तो उतरताना, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो. दिवसभराच्या थकव्यानंतर, अंधार पडायला आलेला असताना आणि बस चुकू नये म्हणून घाई असताना माणसं पडतात. तिन्ही गोष्टी उतरतानाच एकत्र येतात.

गोरेवाडा

फार उपयोगी माहिती. घरचे दोघं, ७१ आणि ६७, यांच्यासाठी चारधाम बघून राहिलो. नागपूर ते नागपूर १४ दिवस, सप्टेंबरअखेर. पुरुषाला बीपीची गोळी आहे, ताब्यात आहे. बाईंचे गुडघे दुखतात, मधुमेहही आहे. दोघं रोज सकाळी अंबाझरीला तासभर चालतात. पत्रकात 'सर्व वयोगटांसाठी' लिहिलं आहे. वरच्या हिशेबात हे कसं बसतं?

घाटवळण

चारधामचा हिशेब सविस्तर मांडतो, कारण विदर्भातून बरेच ज्येष्ठ या टूरला जातात आणि चारही धामांना एकाच मापाने मोजतात.

गंगोत्री आणि बद्रीनाथ दोन्ही ३,१०० मीटरच्या आसपास, पण गाडी देवळाच्या जवळ जाते. तिथे प्रश्न थंडीचा, उंचीचा आणि बसमधल्या तासांचा. पायांचा नाही.

यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून सुमारे ६ किलोमीटर चालायचं आहे. जानकीचट्टी २,६५० मीटरला, देऊळ ३,२९० च्या आसपास. म्हणजे सहाशेहून अधिक मीटर चढ, मजल्यांत दोनशेच्या वर. रस्ता अरुंद, त्यातच घोडे, पालख्या आणि चालणारे. लोक केदारनाथची धास्ती घेतात आणि यमुनोत्रीला गाफील राहतात, पण दर किलोमीटरमागे चढ दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. टूरमध्ये यमुनोत्री पहिली येते, शरीर अजून उंचीला रुळलेलं नसतं, त्यामुळे पहिला फटका तिथेच बसतो.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर. गौरीकुंड दोन हजाराच्या थोडं खाली. अंतर सुमारे १६ किलोमीटर, चढ सुमारे १,६०० मीटर, म्हणजे पाचशेहून जास्त मजले. डोंगर चालणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास, आणि वर ६०० मीटर चढामागे आणखी एक तास. त्याने धडधाकट माणसाला न थांबता जवळपास ६ तास लागतात. सत्तरीच्या माणसाला यात किमान निम्म्याची भर घाला, विश्रांती वेगळी. पत्रकात 'सकाळी केदारनाथकडे प्रस्थान, संध्याकाळी दर्शन' एवढंच असतं. त्यात सोनप्रयागची रांग धरलेली नसते. खासगी बस सोनप्रयागलाच थांबते, तिथून गौरीकुंडपर्यंतचे ५ किलोमीटर स्थानिक जीपने जायचं, आणि गर्दीच्या दिवशी त्या जीपसाठी तासन् तास उभं राहावं लागतं. म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधीच पाय थकलेले.

'घोडा करू' हे उत्तर अर्धवट आहे. पाय लटकवून चार-पाच तास खोगिरावर बसणं हे कंबर आणि खुब्यांचं काम आहे. उतारावर घोडा पुढे झुकतो तेव्हा बसणाऱ्याने मागे रेलून तोल धरायचा असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा खुबा बदललेला असेल तर घोडा नको, पालखी. आणि घोडा देवळाच्या दारात नेत नाही. त्याचा पडाव अलीकडेच आहे, शेवटचा सुमारे एक किलोमीटर ३,५०० मीटर उंचीवर पायीच.

हेलिकॉप्टरने चढ वाचतो. उंची वाचत नाही. खालच्या फाटा किंवा सिरसी या गावांहून दहाएक मिनिटांत माणूस साडेतीन हजार मीटरवर जातो, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. शिवाय ढग आले की उड्डाण रद्द. त्या दिवशी ग्रुप पायी किंवा घोड्याने पुढे जातो आणि हेलिकॉप्टरच्या भरवशावर आलेल्यांना दोन मिनिटांत ठरवावं लागतं. ते घरूनच ठरवून न्या: 'उड्डाण रद्द, तर आपण गुप्तकाशीलाच थांबणार.'

गोरेवाडा, तुमच्या प्रश्नाला उत्तर: अंबाझरीचा तास चांगला, पण तो सपाटीचा आहे. नागपूर ३१० मीटरवर आणि जवळपास सपाट. इथे रोज ५ किलोमीटर चालणाऱ्याला चढ-उताराची सवय असतेच असं नाही. गंगोत्री-बद्रीनाथ अशी दोन धाम दोघांनाही जमावी. चारही करायची तर यमुनोत्रीला पालखी, केदारला हेलिकॉप्टर आणि केदारच्या आदल्या-नंतरच्या दिवशी लांब बसप्रवास नको. हे तिन्ही त्या १४ दिवसांत बसतं का ते बघा. सप्टेंबरअखेर मात्र योग्य निवडलंत, मे-जूनपेक्षा गर्दी कमी आणि पावसाचा जोर ओसरलेला.

मुक्काम_पोस्ट

टूर चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. कोणता दिवस जड आहे हे संयोजकाला माहीत असतं. पण 'टूर सोपी आहे का?' असं विचारलं की उत्तर 'हो, आरामात' असंच येतं. ज्याचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत द्यावं लागेल असा प्रश्न विचारा.

पहिला आणि सगळ्यात मोठा: त्या जड दिवशी आम्ही हॉटेलवर थांबलो तर खोली राहते का? हे पत्रकात कुठेच नसतं. सलग दोन रात्री एकाच हॉटेलात असतील तर मधला दिवस सोडता येतो. पण सकाळी खोली सोडून संध्याकाळी दुसऱ्या गावी मुक्काम असेल तर 'नको वाटलं तर थांबा' याचा अर्थ बसमध्ये किंवा ढाब्यावर सहा तास बसून राहा असा होतो. अजनीकरांनी शेवटचा रकाना हॉटेल बदलाचा ठेवला, तो म्हणूनच महत्त्वाचा. दहा दिवसांत सात हॉटेलं असलेली टूर ज्येष्ठांना जड जाते, चालणं कितीही कमी असलं तरी. रोज बॅग भरणं, रोज नवीन बाथरूम, रोज रात्री अंधारात दिव्याचं बटण शोधणं.

दुसरा: ग्रुपच्या मागे कोण चालतं? ३५ माणसांत एकच टूर मॅनेजर असेल तर तो पुढे तिकिटं काढायला असणार. मागे राहणाऱ्याजवळ कोणी नाही. एक सहायक मागे असतो, असं लेखी मिळालं तर बरं.

तिसरा: किती वाजता उठवता? टूरवर रात्री जाहीर होतं, 'उद्या ५-६-७', म्हणजे ५ ला उठणं, ६ ला नाश्ता, ७ ला बस. असे सलग किती दिवस आहेत? दोनच्या पुढे गेले की झोपेची थकबाकी पायांत उतरते आणि ठेचा लागायला लागतात.

चौथा, हॉटेलबद्दल: प्रत्येक मुक्कामी लिफ्ट आहे का, नसेल तर खालची खोली मिळेल का, कमोड आहे का. 'बहुतेक ठिकाणी आहे' म्हणाले तर नसलेलं ठिकाण कोणतं ते विचारा. पहाडातलं हॉटेल उतारावर असतं, तिथे रिसेप्शन वर आणि खोल्या दोन मजले खाली असा प्रकारही सापडतो.

बसबद्दल: जागा रोज फिरत्या असतात का? असतील तर मागच्या चाकामागची रांग एक दिवस तरी वाट्याला येणार. मणक्याचा त्रास असणाऱ्याने आधीच सूट मागून ठेवावी.

आणि रेल्वेचं. पुरुष ६० आणि स्त्रिया ४५ वर्षांपुढे, यांना लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एकटा किंवा दोघंच प्रवासी असतील तेव्हा मिळतो. ग्रुपचं सहा-सहा जणांचं तिकीट काढलं की तो हक्क जातो आणि सत्तरीच्या आजीला मधला बर्थ येतो. संयोजकाला सांगून दोघांचं तिकीट वेगळं काढायला लावा, त्याला त्यात काही अडचण नसते. गाडी मधल्या स्टेशनवर दोन मिनिटं थांबणार असेल तर सामान कोण उतरवणार, तेही विचारून घ्या.

बर्डी_स्टँड

सगळं पटतं, पण एवढं मोजमाप करत बसलं तर कोणी घराबाहेरच पडणार नाही ना जी. ऐंशीचे लोक काठी टेकत केदारला जाताना दिसतात. श्रद्धा असली की होतं.

शतपावली

श्रद्धेचं बळ खरंच आहे, ते मोडायचं नाही. पण वाटेत दिसतात ते पोहोचणारे. गौरीकुंडहून परत फिरलेले, पहिल्याच रात्री हॉटेलवर पडून राहिलेले आपल्याला दिसत नाहीत. आणि एकट्याने, आपल्या चालीने, तीन मुक्काम करत जाणारा ऐंशीचा माणूस वेगळा. ग्रुपमध्ये चाल आपली नसते. ग्रुपसोबत जाणारा दमला तरी थांबत नाही, कारण ३५ जण बसमध्ये वाट बघत आहेत हे त्याच्या मनात असतं. मोजमाप करायचं ते त्याला घरी बसवण्यासाठी नाही, कुठे पालखी घ्यायची हे लाज न वाटता आधी ठरवण्यासाठी.

पांढरा_कोट

उंची आणि औषधांबद्दल लिहितो. इथलं वाचून गोळी सुरू किंवा बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून हे वाचा.

सुमारे २,५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर उंचीचा विचार करायचा. ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या झोपेची उंची ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा वैद्यकीय संकेत आहे. विमानाने थेट लेहला (३,५०० मीटर) उतरलं तर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. ज्या पत्रकात लेहच्या दुसऱ्याच दिवशी खारदुंगला (५,३५९ मीटर) आहे, ती टूर ज्येष्ठांनी घेऊ नये, त्यावर चर्चाही नको. साडेतीन हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो.

उंची नेहमी 'ट्रेक' या नावाने येत नाही. युरोपच्या टूरमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथे आगगाडी नेते. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात ३,९०० च्या पुढे जातो. सिक्कीमची नाथुला ४,३१० मीटर. पायांना काही श्रम नाहीत म्हणून पत्रकात हे 'सोपं' असतं, पण हृदयविकार किंवा दमा असणाऱ्याला हाच दिवस जड. अशा ठिकाणी पहिला तास अगदी सावकाश हिंडायचं, जिना टाळायचा.

डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, गरगरणं ही पहिली खूण. विश्रांती घेताना दम लागणं, सरळ रेषेत चालता न येणं, बरळणं ही खाली न्यायची खूण, रात्र असली तरी. दुकानात मिळणारी ऑक्सिजनची छोटी बाटली काही मिनिटं पुरते, ती खाली उतरण्याला पर्याय नाही. उंचीसाठी जी गोळी लोक परस्पर घेतात ती सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मधुमेह: ६ ला नाश्ता आणि घाटात अडकून जेवण ३ ला, असा दिवस प्रत्येक पहाडी टूरमध्ये येतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असणाऱ्याची साखर तेव्हा खाली जाते. खिशात ग्लुकोज, पर्समध्ये खाण्याचं काही, आणि 'जेवण लांबलं तर डोस काय' हे डॉक्टरांकडून लिहून घेणं. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. नागपुरातून मे महिन्यात निघताना उलटी अडचण, स्टेशनवर ४४ अंशांत ते तापायला नको. थंड राहणारी पिशवी औषधाच्या दुकानात मिळते.

बीपीच्या काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. अशा माणसाने घड्याळातल्या नाडीवर विसंबू नये. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं का, हे बघावं. लघवीची गोळी सकाळी घेऊन पाच तासांचा बसप्रवास असला की माणूस पाणी पिणंच सोडतो, मग बद्धकोष्ठ, चक्कर, लघवीची जळजळ. बसप्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना नेमकं विचारा. आणि बस दर दोन तासांनी शौचालयासाठी थांबते का, हे संयोजकाला. विशेषतः स्त्रिया हा प्रश्न विचारायला संकोचतात आणि दहा दिवस कमी पाण्यावर काढतात.

संत्रानगरी

गिरनारबद्दल कोणी सांगेल? आता रोपवे आहे, म्हणजे दत्तशिखर ज्येष्ठांनाही सोपं झालं ना?

घाटवळण

नाही, हाच गैरसमज सगळीकडे आहे. २०२० मध्ये सुरू झालेला रोपवे अंबाजीच्या देवळापर्यंत जातो. ते साधारण निम्मं आहे. तिथून गोरखनाथ शिखर, मग बरंच खाली उतरणं आणि पुन्हा दत्तशिखराचा उभा चढ, आणि येताना तेच उलट. म्हणजे रोपवे घेऊनही हजारो पायऱ्या उरतात. आणि परतीचा रोपवे बंद व्हायच्या आत अंबाजीला यावं लागतं, नाहीतर खालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या वाट्याला येतात. ज्येष्ठांसाठी डोली ठरवा, नाहीतर अंबाजीपर्यंतच दर्शन.

पायऱ्यांच्या ठिकाणी पाय अनवाणी ठेवायचे आहेत का, हेही बघा. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या खडकात कोरलेल्या आणि अनवाणी चढायच्या. दुपारी तो दगड तापतो. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्या माणसाला भाजलेलं कळतही नाही. मोजे घालून सकाळी जायचं.

मुक्काम_पोस्ट

जवळच्या टूरचंही बघा, कारण 'दोनच दिवस तर आहे' म्हणून कोणी विचारत नाही. ताडोबाची सफारी म्हणजे चारेक तास उघड्या जिप्सीत, खड्ड्यांतून, मध्ये मनाप्रमाणे उतरता येत नाही. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर हा दिवस केदारइतकाच विचार करण्यासारखा आहे. मागची सीट सगळ्यात जास्त आदळते, ज्येष्ठांना ड्रायव्हरमागची मागून घ्यावी. चढायला छोटा स्टूल सोबत न्यावा. पचमढीला बाकी सगळं जमतं, चौरागडच्या सुमारे १,३०० पायऱ्या मात्र वेगळ्या धरा.

युरोपात बसमधून उतरल्यावरचं चालणं जास्त. जुन्या शहरांच्या आत मोठ्या बसला बंदी असते, उतरवतात ती जागा चौकापासून लांब. फरशी गोट्यांची, व्हेनिसमध्ये जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या, आणि आपली बॅग आपणच ओढायची. २० किलोची बॅग जिन्यावरून एका मजल्यावर नेता येत नसेल तर बॅग लहान करा.

गोरेवाडा

घाटवळण, तुम्ही म्हणता तसं विचारलं. केदारच्या दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथचा पूर्ण दिवसाचा बसप्रवास आहे, आणि मध्ये हॉटेल बदलतं. म्हणून दोन धामच करायचं ठरत आहे. तरी तयारी काय करावी, नागपुरातच?

शतपावली

दोन धामलाही १० आठवडे द्या. पहिले तीन आठवडे चालणं आहे तेवढंच ठेवा, फक्त दिवसाआड खुर्चीवरून उठ-बस, १० वेळा, तीन फेऱ्या. चौथ्या आठवड्यापासून चालण्यातले दोन दिवस सेमिनरी हिल्सकडे न्या, तिथे नागपुरातला त्यातल्या त्यात चढ मिळतो. सोबत घराचा जिना: ४ मजले, दर आठवड्याला २ वाढवत. उतरताना सावकाश, एक-एक पाऊल. लिफ्टने वर जाऊन फक्त उतरायचा सराव गुडघेदुखीवाल्यांनी आधी करू नये, मांड्यांची ताकद आल्यावर करावा. काकूंचे गुडघे दोन दिवसांनंतरही दुखत राहिले तर पायऱ्यांची संख्या एक टप्पा मागे घ्यावी.

सातव्या-आठव्या आठवड्यात रामटेक. अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी गड चढायचा, आणि त्रास झाला तर वरून गाडीने उतरता येतं, म्हणून ज्येष्ठांच्या चाचणीला इतकी सोयीची दुसरी जागा जवळपास नाही. टूरवर नेणार तेच बूट, तीच पाठपिशवी. हातात खाण्याची पिशवी नको, माकडं झडप घालतात आणि दचकून माणूस पायरी चुकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिन्याचे ६ मजले. हे जमलं तर शरीर तयार आहे. शेवटचा आठवडा हलका.

तुमची तयारी पावसाळ्यात येईल, तेव्हा शेवाळलेल्या पायऱ्या टाळा. उन्हाळी टूरची तयारी करणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सातच्या आत घरी परतावं.

अजनीकर (धागाकर्ता)

गोरेवाडा, पैसे भरताना संयोजकाला हे मेसेजवरच पाठवा, म्हणजे लेखी राहील:

'प्रवासी दोन, वय ७१ व ६७. बीपी व मधुमेहाची औषधं चालू. एकाला गुडघेदुखी, पायऱ्या सलग ४० पर्यंत. खालची खोली किंवा लिफ्ट, कमोड, बसमध्ये मागच्या चाकापुढची जागा, रेल्वेचं दोघांचं वेगळं तिकीट हवं. या गोष्टी कोणत्या मुक्कामी मिळणार नाहीत ते बुकिंगआधी कळवावं. मधेच परतावं लागल्यास परताव्याचा नियम काय?'

विमा घेताना हेच आजार जसेच्या तसे लिहा. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो.

गोरेवाडा

पाठवला. एक राहिलंच, दिल्लीपर्यंत विमानाने जाणार आहेत. चढायच्या काठ्या हातात नेता येतात का?

घाटवळण

टोकदार लोखंडी टोकाच्या ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इन बॅगेत. चालायची रोजची साधी काठी सोबत राहू देतात. काठ्यांना रबरी टोपणं लावून न्या, फरशीवर घसरत नाहीत. दोन जोड्या टोपणं ठेवा, दगडावर ती लवकर झिजतात. विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला ४८ तास आधी कळवा, सोनेगावला (नागपूरचं विमानतळ) आणि दिल्लीला दोन्हीकडे, जाताना-येताना. दिल्लीत गेटपर्यंतचं चालणं बद्रीनाथच्या पार्किंगपेक्षा जास्त होऊ शकतं.